मेनस्विच पाडला तरी

आमच्या गावात ढग गुरगुरले की घरोघरी मेनस्विच पाडतात. पावसाचा थेंब पडायची वाट कोणी बघत नाही. एका वर्षी तळ्याच्या काठावरच्या आंब्यावर वीज पडली आणि त्या लाइनवरच्या सगळ्या घरांतले टीव्ही-पंखे जळाले. तेव्हापासून तर हे कोणाला सांगावंच लागत नाही. आमच्या घरी हे काम बाबांचं. हातातला घास ताटात ठेवून ते उठायचे, ओसरीतल्या बोर्डाचा दांडा खाली ओढायचे आणि परत येऊन अंधारात जेवायचे. वीज पडायची साकोलीपलीकडे नागझिऱ्याच्या जंगलात कुठेतरी, पण काळोख आमच्याकडे. मला या सवयीचं कधी काही वाटलं नव्हतं. मी पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करायला लागले आणि तो दांडा थेट माझ्या नोकरीवर पडायला लागला.

लाखनीहून साकोलीकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. आई गेल्यावर बाबा घरात एकटेच होते. लॉकडाउन लागला तेव्हा मी लॅपटॉप घेऊन आले आणि राहिलेच. बरोबरचे सगळे हळूहळू पुण्याला परतले. मी दर वेळी काही ना काही कारण सांगत राहिले. खरं कारण एवढंच होतं की बाबा सकाळचा भात संध्याकाळी आणि संध्याकाळचा सकाळी खात होते, आणि विचारलं की "जेवलो ना" म्हणून मोकळे होत होते. त्यांना तसं टाकून जायची माझी तयारी नव्हती.

बाबा पूर्वी गावाचे पाणकर होते. म्हणजे तळ्याचं पाणी कोणाच्या धानाला कधी आणि किती वेळ द्यायचं, ते ठरल्याप्रमाणे देणारा माणूस. तळ्याचं तोंड, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांचं. त्यांचे नियम पक्के होते. पाणी चालू असेल तिथे माणूस उभा पाहिजे. पाणी तोडायच्या आधी त्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहायचं. आणि ज्याची पाळी आली तो बांधीवर हजर नसेल, तर पाणी पुढच्याला. मग तो सख्खा भाऊ का असेना. या शेवटच्या नियमापायी निम्म्या गावाने कधी ना कधी आमच्या घराशी अबोला धरला होता. तळ्याचं काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी नियम सुटले नव्हते. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की बाबांचं तोंड आंबट व्हायचं.

आता माझं काम. कंपन्यांची वर्षानुवर्षांची जुनी माहिती एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर हलवायची. मशीनं सगळी पुण्यात, लिनक्सवर चालणारी. मी इथून माझ्या लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीतून त्यांच्यात शिरायचे, हुकूम टाइप करायचे आणि मग ते काम तासन् तास, कधी दिवसरात्र, मोठं असलं तर महिनोन् महिने चालत राहायचं. अडचण एकच होती. इथून तिथपर्यंतची लाइन तुटली की मशीन समजायचं, ही बाई गेली, आणि माझं चालू काम तिथल्या तिथे टाकून द्यायचं. निम्मं हललेलं, निम्मं राहिलेलं. मग ते निस्तरून पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच पावसाळ्यात असं इतक्यांदा झालं की मी रडकुंडीला आले. इन्व्हर्टर आणला, तर गडगडाट झाला की बाबा त्याचीही वायर उपसून ठेवायचे. "त्यातूनच येते वीज आतमंदी," असं त्यांचं म्हणणं. मोबाइलला रेंज घरात नाहीच, अंगणाच्या एका कोपऱ्यात आणि तळ्याच्या काठावर तेवढी. मी त्यांच्याशी भांडून पाहिलं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढचा ढग आला की दांडा पाडायचे. मी तापट आहे हे गावाला माहीत आहे. पण हा तापटपणा बाबांकडून आलेला नाही.

शेवटी मला जे कॉलेजात शिकवलं होतं आणि मी तेव्हा ज्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, ते आठवलं. लिनक्सवर स्क्रीन नावाचा एक जुना प्रोग्राम असतो. त्यात तुम्ही मशीनच्या आत एक वेगळी बैठक मांडता, तिला सेशन म्हणतात. काम त्या सेशनमध्ये सुरू करायचं, मग कंट्रोल आणि ए दाबून डी दाबायचं, की तुम्ही बाहेर आणि काम आत चालूच. याला डिटॅच करणं म्हणतात. नंतर कुठूनही परत या, त्या सेशनला जोडून घ्या, काम जिथे असेल तिथून समोर दिसतं. आणि मधेच लाइन तुटली तरी तेच होतं, सेशन आपोआप डिटॅच होऊन चालत राहतं. ज्या दिवशी हे नीट जमलं त्या दिवशी वादळी पावसात दुपारभर घर अंधारात होतं, संध्याकाळी जोडून पाहते तर काम पुढे गेलेलं. मला इतका आनंद झाला की मी बाबांना बोलावून लॅपटॉपसमोर बसवलं.

"पाहा बाबा, तुमी मेनस्विच पाडला तरी हे बंद नाई झालं."

त्यांनी डोळे बारीक करून सरकत्या ओळी पाहिल्या. "लाइन त तुटली होती ना?"

"तुटली. मी इकडं वेगळी झाली, काम तिकडं वेगळं झालं. पण चालू आहे."

"म्हणजे गोंदिया झाला तसं," ते म्हणाले. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला होता, त्याची त्यांना अजून कुरकुर होती. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "अन् त्याच्याजवळ उभा कोण आहे?"

"कोणीच नाई. गरजच नाई."

त्यांना ते आवडलं नाही. कोणी उभं नसताना काही चालू आहे, ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडेना. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी चोळत ते बाहेर निघून गेले.

धान कापून झालं त्या सुमाराला मॅनेजरचा फोन आला. ती माझ्याहून थोडीच मोठी, सरळ बोलणारी बाई. मी अंगणातल्या रेंजच्या कोपऱ्यात उभी होते. फोनच्या कानाशी धरायच्या भागात पाणी जाऊन आवाज फाटायचा, म्हणून स्पीकर लावूनच बोलत होते. तिने सांगितलं की नवीन टीम होते आहे, तिची प्रमुख म्हणून माझं नाव आहे, पण त्यासाठी पुण्यात राहावं लागेल. मी नाही म्हटलं. तिने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मग ती म्हणाली, ठीक आहे, पण मग स्पष्ट सांगते. तुझ्याकडून काम बंद पडत नाही तोवर तू तिथे बस, माझी हरकत नाही. मोठं काम एकदा जरी बंद पडलं, तरी मला तुला बोलवावंच लागेल.

मी हो म्हटलं. बाबा बाजूला खाट विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांना या फोनबद्दल काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ते म्हणाले असते जा, मी म्हणाले असते नाही, आणि भात पुन्हा थंडच खाल्ला गेला असता. मला राहायचं होतं, आणि राहायची अट मला कळली होती. काम बंद पडता कामा नये.

त्यानंतर आमच्या घरची वीज जास्तच जायला लागली. मी लाइनमनला शिव्या दिल्या, हायवेच्या कामाला दिल्या, विजेच्या खांबावर चढणाऱ्या वानरांनाही दिल्या. उन्हाळ्यात तर वेगळाच ताप. इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, ज्या प्लगला होता तो नेमका बाबांना कुलरसाठी हवा असायचा. घरात दुसरे प्लग होते. "तिथून वारा बरोबर येते," ते म्हणायचे. मी लाखनीहून लांब वायरीचा बोर्ड आणला, तर त्याच्या टोकाला लावायची सुटी पिन दोन दिवसांत सापडेनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यात ढग गुरगुरायच्याही आधी दांडा पडायचा आणि पाऊस थांबून ऊन पडलं तरी तासन् तास वर व्हायचा नाही. "अजून आहे वर," असं ते आभाळाकडे न बघता म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं, भीती वाढली. कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

आणि रोज संध्याकाळी ते एकच प्रश्न विचारायचे. "बंद पडलं का तुहं काम?"

"नाई बाबा, चालू आहे."

"अस्सं," म्हणायचे आणि बाहेर जायचे. माझ्या कामाची एवढी काळजी करणारा बाप लाभला म्हणून मला बरं वाटायचं. पुण्याच्या मैत्रिणींना मी हे कौतुकाने सांगितलंही होतं.

लाइन वारंवार तुटण्याचा एक दुष्परिणाम मात्र झाला. घाईत परत शिरले की आधीचं सेशन शोधून जोडण्याऐवजी मी नवंच उघडायचे. जुनं तसंच मागे चालत राहायचं. नावंही मी दिली नव्हती, मशीनने दिलेले नुसते आकडे. असं करता करता त्या मशीनवर माझ्या सेशनची रांग लागली. काहींतलं काम केव्हाच संपलं होतं, काही अडकून बसली होती, आणि प्रत्येकाने मशीनची थोडी थोडी जागा अडवून ठेवली होती. एका दुपारी मॅनेजरचा निरोप आला. मशीन मंद झालं आहे, बहुतेक पसारा तुझा आहे. आज संध्याकाळपर्यंत आवर, नाहीतर मशीन सांभाळणारे लोक तुझ्या नावाचं सगळं एकदम मारून टाकतील. त्या रांगेतल्याच एका सेशनमध्ये माझं सगळ्यात मोठं काम चालू होतं. ते मेलं की मी पुण्याला.

घरी अर्थातच वीज नव्हती. मी लॅपटॉप आणि फोन घेऊन तळ्याच्या काठावर जाऊन बसले. थोड्या वेळाने बाबाही पाण्याची बाटली घेऊन मागे आले आणि शेजारी दगडावर बसले. समोर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपलेल्या बांध्या हिरव्या दिसत होत्या. मी सेशनची यादी काढली. प्रत्येकापुढे मशीनने लिहिलं होतं, डिटॅच्ड, डिटॅच्ड, डिटॅच्ड. एकापुढे मात्र अटॅच्ड होतं, म्हणजे मी तिथे जोडलेली आहे असं. लाइन कधीच तुटली होती, पण मी उठून गेल्याचं त्या मशीनला अजून कळलेलं नव्हतं. बाबांना हे सांगितलं तर ते हसले.

"सरसकट तोडू नको," ते म्हणाले. "आत जाऊन पाहा, मंग तोड."

ते मला सांगायची गरज नव्हती, मलाही माझं मोठं काम मारायचं नव्हतं. मी एकेक सेशन जोडत गेले. आत काम संपून नुसता कर्सर लुकलुकत असला की एक्झिट टाइप करायचे, सेशन संपलं असं मशीन सांगायचं आणि यादीतली एक ओळ कमी व्हायची. काही आतून ऐकतच नव्हती. त्यांना बाहेर येऊन, त्यांचा आकडा सांगून, बाहेरूनच संपवावं लागलं. तेही न ऐकणारं एक होतं, त्याला किल करावं लागलं. अटॅच्ड दिसणारं आधी जबरदस्तीने सोडवून घेतलं आणि उघडलं, तर माझं मोठं काम त्यातच निघालं, खाली खाली सरकत चाललेलं. मी त्याला नाव दिलं, गावाचंच, आणि हलक्या हाताने बाहेर आले. रांग संपली, एकच ओळ उरली.

"झालं," मी म्हटलं. "सगळं बंद केलं."

बाबा एकदम सरसावून बसले. "मंग आता पुण्याले जावं लागल?"

मला वाटलं, काम संपलं म्हणजे मी जाणार, या भीतीने ते विचारताहेत. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाई बाबा. फालतूचं होतं ते बंद केलं. मुख्य काम चालूच आहे. मी कुठीच जात नाई."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग धोतर झटकून उठले आणि माझ्यासाठी न थांबता घराकडे निघाले. मला वाटलं, जीव भांड्यात पडला म्हणून लगबगीने चालले.

मग हिवाळा आला. आभाळ कसं स्वच्छ, धान खळ्यावर आलेलं. एका दुपारी मी काम करत होते आणि राउटरचे दिवे विझले. खोलीतला बल्बही गेला. मी लाइनमनच्या नावाने सुरुवात करणार होते, तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला. मी तशीच त्यांच्या दारात गेले.

"काकू, तुमच्याकडं लाइट आहे?"

"आहे ना," काकू मिक्सरचं झाकण दाबून धरत म्हणाल्या. "आमची कुठी जाते? तुमच्याच घरची जाते रोज. तुह्या बाबाले विचार."

मी परत आले. बाबा ओसरीत बोर्डाच्या बरोबर खाली बसले होते, सुतळीचा गुंता सोडवत. दांडा खाली होता. मी अंगणात जाऊन आभाळ पाहिलं. ढगाचा एक पुंजका नव्हता. मी परत आत आले.

"ढग कुठी आहे बाबा?"

त्यांनी सुतळीच्या गाठीत नख घातलं.

"काहून पाडला?"

"हात लागला."

"रोज लागते हात?"

त्यांनी सुतळी खाली ठेवली. मी चिडले. वर्षभर मी ज्या अटीवर तिथे टिकून होते ती अट माझ्या बापाने स्वतःच्या हाताने रोज तोडायचा प्रयत्न केला होता. कुलर, हरवलेली पिन, उन्हातही खाली असलेला दांडा, सगळं एकापाठोपाठ आठवलं. मी ते सगळं मोठ्याने बोलून दाखवलं. काकूंचा मिक्सर थांबला होता, म्हणजे त्या ऐकत होत्या, पण मला त्याचं काही नव्हतं. मी म्हटलं की माझी नोकरी गेली असती तर तुम्ही काय केलं असतं.

"नोकरी कायले जाते?" बाबा म्हणाले. "तुह्या मॅनेजरनं सांगतलं होतं. काम बंद पडलं त पुण्याले यावं लागल. मी ऐकलो. फोन स्पीकरवर होता."

मी अंगणातल्या त्या रेंजच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तिनं तुले मोठं काम देऊ केलं होतं, अन् तू नाई म्हणाली. दोन खेपा नाई म्हणाली. तेबी ऐकलो."

"मंग मले सांगायचं होतं."

"सांगतलं असतं त गेली असती?"

ते पुन्हा सुतळीला लागले, पण गाठ सुटत नव्हती.

"मी जिंदगीभर पाणी वाटलो," ते खाली बघतच म्हणाले. "पाळी आली अन् माणूस बांधीवर नाई दिसला, त मी पाणी पुढं सोडलो. कोणासाठी थांबलो नाई. तुही पाळी आली होती. तू आली नाई, माह्यापायी. गेलं पाणी पुढच्याले."

मग त्यांचा आवाज थोडा चढला. ते माझ्यावर नाही, माझ्या कामावर चिडले होते. "अन् हे कायचं काम आहे तुहं? बंदच नाई पडत. तुडूम बंद केलं तरी नालीतलं पाणी घडीभर वाहते, मले वाटलं तसं असल, आटल कधी ना कधी. म्हणून जास्ती जास्ती वेळ बंद ठेवलो. रोज विचारलो तुले, बंद पडलं का. रोज म्हणते, चालू आहे."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. रोजच्या त्या प्रश्नाचं मी केवढं कौतुक सांगत फिरले होते. ज्या प्रोग्रामने माझं काम वाचवलं त्याने माझ्या बापाची वर्षभराची मेहनत पाण्यात घातली होती, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही ते माहीत नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सुतळी त्यांच्या हातातून घेतली.

"बाबा, इथचा मेनस्विच पाडून ते बंद नाई होत. सालभर पाडून ठेवला तरी नाई. ते आतमंदी जाऊन बंद करा लागते. ते माह्याच हातात आहे."

"मंग कर," ते म्हणाले.

त्या दिवशी मी काही केलं नाही. राग माझा लवकर जातो, त्या दिवशीही जेवायला बसेपर्यंत गेला होता, आणि राग नसला की मला काय बोलावं ते सुचत नाही. ते माझ्याविना थंड भात खातील हे मला दिसत होतं. मी त्यांच्यापायी इथे बसले आहे हे त्यांना वर्षभर रोज दिसत होतं, याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. त्यांनी ताट धुऊन पालथं घातलं आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, "काकू देईल गरम. मी बोललो तिच्याशी. उन्हाळ्यातच बोललो." म्हणजे तयारी पूर्ण होती, फक्त माझं काम तेवढं बंद पडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला फोन केला, स्पीकर लावून. ती टीम केव्हाच दुसऱ्याकडे गेली होती. आणखी एक टीम पुढे होणार होती, तिचा विचार करते म्हणाली. तो विचार व्हायला हिवाळा सरला. तोवर माझं मोठं काम पूर्ण झालं. निघायच्या आदल्या दिवशी मी बाबांना बोलावलं आणि लॅपटॉपसमोर बसवलं. यादीत एकच ओळ होती, आमच्या गावाच्या नावाची. मी तिला जोडून आत गेले. ओळी थांबल्या होत्या, काम संपलं होतं, कर्सर लुकलुकत होता.

"पाहा, भरली बांधी," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं, आपल्या डोळ्यांनी, जसं ते पाहायचे. मग मान हलवली. मी एक्झिट टाइप केलं. मशीनने सांगितलं की आता एकही सेशन नाही. बाबा काही न बोलता उठले आणि माझी बॅग ओसरीत आणून ठेवली.

पुण्याहून मी पहिल्यांदा घरी आले ती उन्हाळ्यात. हायवेवर बसमधून उतरले, गावापर्यंत ऑटोने आले. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवला आणि हातातला फोन थरथरला. घरचं नेटवर्क जोडलं गेलं होतं. मी नसताना ते चालू कसं, हे मला आधी कळेना. मी आत पाहिलं. माझ्या खोलीत राउटर त्याच्या जुन्या प्लगला होता, हिरवे दिवे लागलेले. कुलर लांब वायरीच्या बोर्डाला लावून दाराशी सरकवला होता, आणि त्या बोर्डाला ती हरवलेली पिन होती. खोलीत कोणी नव्हतं. मी गेल्यापासून तिथे कोणी बसतही नव्हतं.

"बाबा, हे कायले चालू आहे? इथं कोणी उभं त नाई."

बाबा माझी बॅग आत घेत होते. "राहू दे चालू," ते म्हणाले. "ढग आले की पाडतो मेनस्विच."

मग बॅग खाटेवर ठेवून, माझ्याकडे न बघता, "खरे ढग."

मी हातपाय धुऊन जेवायला बसले. भात गरम होता.